चार स्टिक की दोन: घरी जुळवलेल्या संगणकासाठी मेमरी निवडताना

फोंड्याला आमच्या घरी मी स्वतः जुळवलेला जो संगणक आहे, त्यात सुरुवातीला ८ जीबीच्या दोन डीडीआर४ (मेमरीची आधीची पिढी) स्टिक होत्या. देवस्थानच्या स्मरणिकेच्या पानमांडणीचे काम वाढले आणि १६ जीबी अपुरी पडू लागली, तेव्हा समोर तीन वाटा होत्या: आहेत त्या स्टिकांशेजारी तशाच आणखी दोन घालाव्यात, जुन्या काढून १६ जीबीच्या दोन नव्या बसवाव्यात, किंवा मदरबोर्ड आणि प्रोसेसरसकट सगळेच बदलून डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीवर जावे. पहिली वाट सर्वांत स्वस्त, म्हणून मी ती धरली. दुकानदारानेही सांगितले, "सर, दोन्ही ३२००च्याच आहेत, कंपनीही तीच. काही फरक पडत नाही."

संगणक पहिल्याच झटक्यात सुरू झाला आणि पडद्यावर ३२ जीबी दिसली. तीन आठवडे सगळे सुरळीत होते. मग एक झिप फाइल उघडताना मध्येच अडली. तीच फाइल दुसऱ्यांदा उघडली तर नीट उघडली. पालखीच्या एका छायाचित्राचा खालचा अर्धा भाग जांभळट पट्ट्यांनी भरून आला, आणि ते तसेच जतन झाल्यामुळे मूळ प्रतही हातची गेली. दिवस जुलैचे होते. वीज दिवसातून चार-पाचदा मिचकत होती, त्यामुळे मी दोष विजेला दिला आणि यूपीएसची बॅटरी बदलली. नंतर विंडोज नव्याने टाकून पाहिले. शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवला, तेव्हा दुसऱ्या फेरीत लाल ओळी येऊ लागल्या.

जुनी जोडी एकटी तपासली, ती उत्तीर्ण झाली. नवी जोडी एकटी तपासली, तीही उत्तीर्ण झाली. चारही एकत्र घातल्या की ३२०० वेगावर चुका येत, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांच्या प्रोग्रामात) वेग २९३३ केला की रात्रभर एकही चूक येत नसे. म्हणजे चारपैकी एकही स्टिक सदोष नव्हती, एकत्र आल्यावर मात्र त्यांचे जमत नव्हते. चीड आणणारी गोष्ट ही, की हे आधीच छापलेले होते. माझा प्रोसेसर ज्या रायझन ३००० मालिकेतला, तिच्यासाठी एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या तक्त्यात दोन स्टिकांना ३२००, चार एकपदरी स्टिकांना २९३३ आणि चार दुपदरी स्टिकांना २६६७ असे आकडे आहेत. एकपदरी किंवा दुपदरी म्हणजे ज्याला रँक म्हणतात ते: स्टिकवरच्या चिपांचा एक गट आहे की दोन. मी तो तक्ता पाहिलाच नव्हता.

मेमरी जुळते की नाही, हा प्रश्न आपण दुकानात स्टिकपुरता विचारतो. पण तो स्टिक, मदरबोर्डवरील तारांची रचना आणि प्रोसेसरच्या पोटातला मेमरी कंट्रोलर या तिघांचा मिळून असतो. आजच्या बहुतेक घरगुती बोर्डांवर प्रत्येक चॅनेलच्या (प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या स्वतंत्र मार्गाच्या) दोन स्लॉटना एकच तार ओळीने जोडत जाते. एकच स्टिक असेल तर ती ओळीच्या टोकाला बसवायची असते, आणि म्हणूनच दोन स्टिकांसाठी प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायला सांगतात. चारही स्लॉट भरले की प्रत्येक तारेवर दुप्पट भार येतो, संकेत थोडा मळतो, आणि आधी पुरेशी असलेली वेळेची सवलत अपुरी पडू लागते. ही बिघाडाची अशी जात आहे की ती संगणक सुरू होताना दिसत नाही. ती तासाभराने, एखाद्या विशिष्ट नमुन्याच्या माहितीवर, एका बिटाच्या रूपाने दिसते, आणि तो बिट तुमच्या छायाचित्रात पडला की जांभळे पट्टे उमटतात.

दुसरी अडचण लेबलाची आहे. जगातील बहुतांश मेमरी चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या असतात. स्टिक विकणाऱ्या अनेक कंपन्या त्या विकत घेऊन आपल्या नावाने स्टिक बांधतात. त्यामुळे तीच कंपनी, तोच वेग आणि तोच मॉडेल क्रमांक असूनही दोन वर्षांनी घेतलेल्या स्टिकमध्ये वेगळ्या घरच्या चिपा असू शकतात. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले होते. सीपीयू-झी हा छोटा मोफत प्रोग्राम उघडून एसपीडीचे, म्हणजे स्टिकमध्ये साठवलेल्या तिच्या माहितीचे, पान पाहिले, तर जुन्या जोडीत एका कंपनीच्या चिपा होत्या आणि नव्या जोडीत दुसऱ्या. किट म्हणून एका खोक्यात येणाऱ्या दोन स्टिक कारखान्यात एकत्र तपासलेल्या असतात, आणि कंपनीची खात्री त्या खोक्यापुरतीच असते. दोन खोकी एकत्र केल्यावर ते चालेलच, असे कोणतीही कंपनी लिहून देत नाही.

म्हणून पहिल्या दोन वाटांची तुलना अशी पडते. ८ जीबीच्या चार स्टिकांत आजचा खर्च कमी, पण वेग एक-दोन पायऱ्या उतरवावा लागण्याची शक्यता मोठी आणि पुढे वाढवायला एकही स्लॉट शिल्लक नाही. १६ जीबीच्या दोन स्टिकांत आजचा खर्च अधिक, पण पूर्ण वेग मिळण्याची खात्री बरीच जास्त, आणि जुन्या स्टिक विकून काही रक्कम परत येते. वेग उतरवून चार स्टिक चालवणे वाईट नाही, हेही सांगायला हवे. ३२००वरून २९३३वर आल्याने पानमांडणी, हिशेब किंवा ब्राउझर यांच्या कामात डोळ्यांना कळेल असा फरक पडत नाही. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीचे दर ज्या प्रकारे चढले आहेत ते पाहता, ज्याच्याकडे जुनी जोडी धड आहे त्याने तशीच दुसरी घेऊन वेग उतरवला, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. फक्त तो वेग त्याने स्वतः उतरवावा आणि तपासावा. बोर्डाच्या 'ऑटो'वर सोडू नये.

वेगाबद्दल आणखी एक गैरसमज सर्रास आढळतो. खोक्यावर ३६०० किंवा ६००० लिहिलेले असते, तो स्टिकचा प्रमाणित वेग नसतो. डीडीआर४चे प्रमाण जेडेक या संस्थेने ३२००पर्यंत आणि १.२ व्होल्टवर ठरवले आहे. त्यापुढचा वेग हा एक्सएमपी नावाच्या, स्टिकमध्येच साठवलेल्या तयार नोंदीचा असतो आणि त्यासाठी सहसा १.३५ व्होल्ट लागतात. ती नोंद बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. कित्येकांची महागडी मेमरी वर्षानुवर्षे मूळ वेगावरच चालत असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. एएमडीने २०२२मध्ये रायझन ७०००बरोबर डीडीआर५साठी आपली एक्स्पो ही पद्धत आणली. दोन्ही नोंदी असलेल्या स्टिकही मिळतात, आणि पुढे बोर्ड बदलण्याचा विचार असेल तर त्या घ्याव्यात. एवढे लक्षात ठेवावे की या नोंदी चालू करणे म्हणजे नियमाच्या बाहेर जाऊन वेग वाढवणेच आहे. २०२३मध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एक्स्पो चालू केल्यावर बोर्ड देत असलेला एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारा) जास्त असल्याचे पुढे आले आणि नव्या बायोसद्वारे त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. त्या काळातला बोर्ड जुना म्हणून विकत घेणाऱ्याने आधी बायोस अद्ययावत करावा आणि मगच मेमरीचा वेग वाढवावा.

तिसरी वाट डीडीआर५ची. एएमडीच्या प्रोसेसरांसाठीचा जुना एएम४ बोर्ड फक्त डीडीआर४ घेतो, नवा एएम५ फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत दोन्ही प्रकारचे बोर्ड आहेत, पण एका बोर्डावर एकच प्रकार चालतो. दोन्ही स्टिकांना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही; जोर मात्र लावू नये.

डीडीआर५मध्ये चिपेच्या आतच चूक सुधारण्याची सोय असते: दर १२८ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक चिप स्वतः दुरुस्त करते. विक्रेते याला ईसीसी (सर्व्हरमध्ये वापरली जाणारी, चुका सुधारणारी मेमरी) म्हणून पुढे करतात, आणि ग्राहक समजतो की सर्व्हरसारखी सुरक्षितता मिळाली. तसे नाही. ही सोय चिपेच्या आतल्या पेशींपुरती आहे. चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारेवर बिट बिघडला तर ती काहीच करू शकत नाही, आणि माझ्या घरी जो दोष निघाला त्याचे मूळ तिथेच होते.

चार स्टिकांचा प्रश्न डीडीआर५मध्ये अधिक तीव्र होतो. रायझन ७०००साठी दोन स्टिकांचा अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार स्टिकांचा ३६००. हा उतार डीडीआर४मधल्या उतारासारखा किरकोळ नाही. म्हणून एएम५ घेणाऱ्याने 'आता १६च्या दोन, पुढे आणखी दोन' असा हिशेब करूच नये. पुढे ६४ जीबी लागणार असेल तर ३२च्या दोन आजच घ्याव्यात, नाहीतर पुढे पहिली जोडी विकण्याची तयारी ठेवावी. २४ आणि ४८ जीबीच्या स्टिकही आता मिळतात, पण जुन्या बायोसवर त्या ओळखल्या जात नाहीत. आणखी एक सूचना नवख्यांसाठी: एएम५ संगणक पहिल्यांदा सुरू करताना मेमरीशी कसे जुळवून घ्यायचे ते शिकतो, त्यात काही मिनिटे पडदा काळाच राहतो. मेमरी खराब समजून लोक मध्येच बटण दाबतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्या वेळात चहा करावा.

खऱ्या ईसीसीचा विचार कोणी करावा? घरगुती डीडीआर४ ईसीसी स्टिकमध्ये ६४ बिटांमागे ८ तपासणीचे बिट प्रोसेसरपर्यंत जातात. एका बिटाची चूक सुधारली जाते आणि दोन बिटांची निदान पकडली जाते. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९च्या अभ्यासात वर्षाला आठ टक्क्यांहून अधिक स्टिकांवर चुका नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक चुका अवकाशातून आलेल्या एखाद्या कणामुळे योगायोगाने झालेल्या नसून हार्डवेअरच्या दोषातल्या, पुन्हा पुन्हा होणाऱ्या होत्या. हे वाचून घाबरण्याचे कारण नाही, पण ज्याच्याकडे घरच्या सर्व्हरवर कुटुंबाची वीस वर्षांची छायाचित्रे किंवा ग्राहकांचे हिशेब आहेत, त्याने ईसीसी घ्यावी. रायझनच्या बऱ्याच बोर्डांवर ती चालते, मात्र ग्राफिक्ससह येणाऱ्या 'जी' प्रोसेसरांत प्रो आवृत्ती नसेल तर चालत नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा महाग बोर्ड लागतो. सर्व्हरमधून काढलेल्या स्वस्त 'रजिस्टर्ड' स्टिकांच्या मोहात पडू नये. साध्या घरगुती बोर्डावर त्या चालत नाहीत.

गोव्याच्या हवेचा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मेमरीच्या पेशींमधील विद्युतभार सतत गळत असतो आणि डीडीआर४मध्ये तो दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरला जातो; चिप ८५ अंशांच्या वर गेली तर तेच काम दुप्पट वेळा करावे लागते. मे महिन्यातही घरच्या कॅबिनेटमध्ये मेमरी सहसा तिथवर जात नाही, पण वाढवलेल्या वेगावर काठावर चालणारी डीडीआर५ त्याआधीच डळमळू शकते. तेव्हा चाचणी रात्री पंख्याखाली न घेता भर दुपारी, खोली तापलेली असताना घ्यावी. दमटपणाचा त्रास वेगळा. पावसाळ्यानंतर स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर खारट, धुळीचा पातळ थर बसतो आणि संपर्क सुटतो. खोडरबराने घासण्याची आपल्याकडची जुनी रीत मला पटत नाही: सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला स्वच्छ कपडा पुरतो.

खरेदीपूर्वी बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरील तपासलेल्या मेमरीची यादी पाहावी, आणि त्यात मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतो का ते बघावे. यादीत नसलेली स्टिक चालणार नाही असे नाही, पण वाद झाला तर यादी कामी येते. पणजी-म्हापशातील दुकानात किंमत थोडी जास्त पडली तरी मी तिथूनच घेतो, कारण मेमटेस्ट नापास झाल्यास आठ दिवसांत बदलून देणार, असे बिलावर लिहून घेता येते. कंपनीची दीर्घ मुदतीची हमी खरी असली तरी ती वापरायची तर सहसा किटमधल्या दोन्ही स्टिक कुरिअरने पाठवाव्या लागतात आणि तोवर संगणक बंद पडून राहतो.

मेमटेस्टच्या किमान चार फेऱ्या व्हाव्यात. ३२ जीबीला त्याला काही तास लागतात, आणि त्यात एकही चूक आली तरी ती मेमरी त्या वेगावर स्वीकारू नये.

मी अखेर १६च्या दोन स्टिकांवर आलो. जुन्या दोन जोड्यांपैकी एक विकली गेली. दुसरी मेहुण्याच्या डिचोलीच्या दुकानात बिले छापण्याच्या संगणकात आहे, पूर्ण ३२००वर, शेजारचे दोन स्लॉट मुद्दाम रिकामे ठेवून.