नौपाड्यात मापाने शिवून घेतलेला बेस गिटारचा पट्टा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

बेस गिटार घेताना पट्ट्याचा विचार बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात, आणि मीही अकरा वर्षे तेच केले. वाद्य निवडताना चार दुकाने हिंडले, तारा कोणत्या जाडीच्या घ्याव्यात यावर महिनोन्‌महिने चर्चा केली, ॲम्प्लिफायर दोनदा बदलला. खांद्यावर मात्र वाद्याबरोबर आलेला पाच सेंटिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टाच राहिला. गेल्या दिवाळीनंतर ठाण्यात नौपाड्यातील एका कारागिरांकडून मी म्हशीच्या कातड्याचा पट्टा मापाने शिवून घेतला. त्याला आता नऊ महिने झाले. रोजचा रियाज, दोन सोसायट्यांचे कार्यक्रम, एका लग्नातील संगीत आणि अर्धा पावसाळा एवढे सगळे त्याने पाहिले आहे, त्यामुळे त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

या कारागिरांपर्यंत मी एकटी पोहोचले नाही. ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे आणि नेरूळ येथील आम्ही सहा हौशी बेसवादक महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. सहापैकी एकाचेही पोट संगीतावर अवलंबून नाही. एक रुग्णालयात परिचारिका आहे, एक महाविद्यालयात गणित शिकवतात, एक कारखान्यातून निवृत्त झाले आहेत, मी बँकेत नोकरी करते. फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीने गुंडाळलेल्या) तारा बऱ्या की राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या), येथून सुरू झालेल्या गप्पा मुलांच्या परीक्षा आणि सोसायटीच्या पाण्याच्या टँकरपर्यंत सहज जातात. अशाच एका रविवारी परिचारिका मैत्रीण म्हणाली की, रात्रपाळी करून आल्यावर वाद्य उचलावेसेच वाटत नाही, कारण डावा खांदा आधीच भरून आलेला असतो. मग प्रत्येकाने आपापला खांदा चाचपून पाहिला, आणि सहाही जणांचे दुखणे एकाच जागी निघाले : मान आणि खांदा यांच्यामधल्या स्नायूवर, जिथे अरुंद पट्ट्याची कड रुतते. तेव्हा निवृत्त सदस्यांनी सांगितले की, त्यांचा पुतण्या ज्या ढोल-ताशा पथकात आहे, त्या पथकाचे पट्टे नौपाड्यातले एक काका शिवून देतात, आणि ढोल काही बेसपेक्षा हलका नसतो.

हे मला त्या क्षणी पटले. गणपतीच्या मिरवणुकीत तासन्‌तास ढोल अंगावर घेऊन उभ्याने वाजवणाऱ्यांचे पट्टे ज्याच्या हातून जातात, त्या माणसाला वजन अंगावर कसे वाटून द्यावे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

काकांचे दुकान म्हणजे गोखले रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीतील जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढी जागा आहे. शाळेची दप्तरे, पर्सचे तुटलेले बंद, पथकांचे पट्टे हे त्यांचे नेहमीचे काम. बेस गिटार त्यांनी याआधी हाताळली नव्हती. त्यांनी मला वाद्य घेऊन स्टुलावर बसायला सांगितले, दोन ओळी वाजवून दाखवायला सांगितले, आणि मग विचारले, “ताई, बसून वाजवताना हे जिथं येतं, उभं राहिल्यावरही तिथंच यायला पाहिजे ना?” पट्ट्याच्या लांबीविषयी याहून नेमके मी अकरा वर्षांत कुणाकडून ऐकलेले नाही. वाद्य खाली लोंबत असले की डाव्या हाताचे मनगट जास्त दुमडावे लागते, आणि बसून बसवलेला हात उभे राहिल्यावर परक्याचा वाटू लागतो. माझी बेस प्रिसिजन घडणीची आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या त्या मूळ आराखड्याप्रमाणे तिच्या तारांची मोकळी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर आहे. साध्या गिटारपेक्षा ही लांबी बरीच जास्त असल्याने पहिल्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपर्यंत) पोहोचताना खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात ताणला जातो. पट्टा चार बोटे खाली-वर झाला तरी तो ताण लगेच बदलतो. काकांनी सुतळीने माप घेतले, मला उभे करून तेच माप पुन्हा तपासले, आणि मगच कातड्यावर खूण केली.

रुंदी ठरवताना आमची थोडी चर्चा झाली. सामान तोलण्याच्या ताणकाट्यावर माझे वाद्य ४.३ किलो भरते. पट्टा रुंद केल्याने त्यातला एक ग्रॅमही कमी होत नाही. तेवढेच वजन अधिक जागेवर पसरते, एवढेच. पाचाऐवजी नऊ सेंटिमीटर रुंदी घेतली, तर तेवढ्याच लांबीच्या टेकणाऱ्या भागावर दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. मला दहा सेंटिमीटर हवे होते. काकांनी कागदाची पट्टी कापून माझ्या खांद्यावर ठेवली आणि आतली कड मानेला कशी लागते ते दाखवले, म्हणून नऊवर थांबलो. खांदे अरुंद असलेल्यांना आठही पुरतील. आमच्या परिचारिका मैत्रिणीने आठ सेंटिमीटरचाच शिवून घेतला आहे आणि ती समाधानी आहे.

या पट्ट्याचा सर्वांत मोठा गुण त्याच्या खालच्या बाजूत आहे. वरचा थर गुळगुळीत कातड्याचा, तर अंगाला लागणारा थर मखमलीसारखी लव असलेल्या, किंचित खरखरीत स्वेडचा आहे. नायलॉन कापडावरून घसरते. रेशमी साडी किंवा चिकनचा कुडता असेल तर फारच. काही बेस गिटारांची मान जड असते, वाद्य हातातून सोडले की हेडस्टॉक, म्हणजे तारांच्या खुंट्या असलेले मानेचे टोक, हळूहळू जमिनीकडे झुकतो. बॉडीचे वरचे शिंग आखूड असले, म्हणजे पट्ट्याचे पुढचे बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास न येता बॉडीकडे मागे राहते, तेव्हा हा दोष हमखास दिसतो. मग डावा हात सूर दाबण्याऐवजी वाद्याला टेकू देण्यातच गुंततो. महाविद्यालयातील सदस्यांचे वाद्य असेच आहे. त्यांनी माझा पट्टा लावून पाहिला, दोन्ही हात सोडले, आणि मान जिथल्या तिथे राहिली. स्वेडच्या घर्षणाने दोष नाहीसा होत नाही, पण दोन तासांच्या तालमीत डावा हात मोकळा राहणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात आपला पट्टा शिवायला टाकला.

शिवण मेण लावलेल्या जाड दोऱ्याची, हाताने घातलेली आहे, आणि नऊ महिन्यांत एकही टाका उसवलेला नाही. बक्कल मी मुद्दाम टाळले, कारण धातूचे बक्कल वाद्याच्या पाठीवर ओरखडे काढते. लांबी कमी-जास्त करण्यासाठी मागच्या शेपटीला चिरा दिल्या आहेत आणि त्यांतून कातड्याचीच पट्टी ओवली जाते. येथे पहिली तक्रार नोंदवते : सुरुवातीला दोन चिरांमध्ये पाच सेंटिमीटरचे अंतर होते, आणि माझे योग्य माप नेमके दोन चिरांच्या मधोमध येत होते. काकांनी शेपटी बदलून अडीच सेंटिमीटरवर चिरा दिल्या आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, परंतु त्यासाठी मला दोन फेऱ्या जास्त झाल्या. तुम्ही जाल तेव्हा हे अंतर आधीच सांगा.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. मी गडद तपकिरी रंग निवडला होता, आणि पाडव्याच्या सकाळी सोसायटीच्या मंडपात घामाने तो रंग माझ्या मोतिया रंगाच्या कुडत्याच्या खांद्यावर उतरला. डाग पूर्ण गेला नाही. कातडे रंगवल्यावर कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुन्हापुन्हा घासून सुटा रंग काढून टाकणे हे शिवणाऱ्याचे काम आहे, आणि ते येथे अपुरे झाले होते. काकांनी ते मान्य केले आणि नंतर शिवलेल्या पट्ट्यांच्या खालच्या थराला रंगच दिला नाही. माझा सल्ला हाच की, स्वेड नैसर्गिक रंगाचे ठेवून घ्यावे आणि पहिला महिनाभर गडद कपडे वापरावेत.

पट्ट्याची टोके हा मला अत्यंत महत्त्वाचा वाटणारा भाग, कारण वाद्य पडते ते तेथून. काही वर्षांपूर्वी त्या नायलॉनच्या पट्ट्याचे भोक सैल होऊन बटणावरून निसटले होते आणि माझी बेस फरशीवर आदळली होती. त्या वेळी हेडस्टॉकच्या कोपऱ्याचा टवका उडाला, तो आजही तसाच आहे. या पट्ट्याची टोके एकेरी, तीन मिलिमीटर जाडीच्या टणक कातड्याची आहेत आणि भोक बटणापेक्षा किंचित लहान आहे. पहिले पंधरा दिवस ते बटणावर चढवताना बोटे दुखली. आता ते बटणाच्या आकाराला बसले आहे. तरीही मी बटणावर वरून नळाचे रबरी वॉशर चढवते. नळदुरुस्तीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात ते काही रुपयांत मिळते आणि पट्टा निसटू देत नाही. मात्र जुन्या, नायट्रोसेल्युलोज लॅकर दिलेल्या वाद्यावर रबर टेकलेले ठेवू नये, त्याने लॅकर खराब होते. हल्लीच्या बहुतेक वाद्यांवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन असते, तेथे ही भीती फारशी नाही. डनलॉप किंवा शालर यांचे स्ट्रॅपलॉक (पट्टा बटणाला अडकवून ठेवणारी कुलपे) लावणार असाल, तर ते सोबत घेऊन जा, कारण टोकाची जाडी त्यांच्या फटीत बसते की नाही हे शिवण्याआधी पाहावे लागते. बटणाचा स्क्रू लाकडात फिरत असेल, तर नवा पट्टा लावण्यापूर्वी भोकात फेव्हिकॉल लावलेली टूथपिक ठोकून, रात्रभर वाळवून, स्क्रू पुन्हा घट्ट करावा. सैल बटणाला चांगला पट्टा काही मदत करू शकत नाही.

पावसाळ्याविषयी स्पष्ट सांगायला हवे. जुलैमध्ये आठ दिवस गावी गेले होते, तेव्हा पट्टा वाद्याच्या बंद पिशवीत राहिला आणि परत आल्यावर त्यावर पांढरी बुरशी दिसली. कोरड्या फडक्याने पुसून, पंख्याखाली सावलीत दोन दिवस टांगल्यावर ती गेली. तेव्हापासून पट्टा कपाटाबाहेर खुंटीला असतो. नायलॉनला अशी निगा लागत नाही, ते धुताही येते, आणि ज्यांचे वाद्य तीन किलोच्या आतले, तीस इंची, आखूड मापाचे आहे, त्यांनी कातड्यावर खर्च करण्याची गरज नाही असे माझे प्रामाणिक मत आहे. आमच्यातील ऐरोलीचा सदस्य तसेच वाद्य वाजवतो. त्याने माझा पट्टा तासभर लावून परत दिला आणि त्याला त्यात काही फरक वाटला नाही.

मला स्वतःला फरक कुठे जाणवला, तर तालमीच्या शेवटच्या अर्ध्या तासात. पूर्वी दीड तासानंतर मी खुर्ची ओढत असे. आता उभीच असते, आणि सुरांकडे लक्ष राहते. कमरेवरचा भार मात्र तेवढाच आहे, तो रुंद पट्ट्याने कमी झालेला नाही. त्यासाठी मी मध्ये पाच मिनिटे वाद्य उतरवून ठेवते.

पट्ट्याचे मी १,४०० रुपये दिले, काम अकरा दिवसांत झाले. काका फोनवर माप घेत नाहीत. वाद्य सोबत न्यावेच लागते. आमचे नवी मुंबईचे सदस्य ट्रान्स-हार्बरच्या लोकलने सकाळी दहानंतर, गर्दी ओसरल्यावर, वाद्य पुढे छातीशी धरून ठाण्याला आले होते, आणि स्थानकाच्या पश्चिमेकडून चालतच दुकानात पोहोचले. सध्या श्रावण सुरू आहे आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. भिंतीभर पथकांचे पट्टे टांगलेले आहेत. अनंत चतुर्दशी होईपर्यंत काका दुसरे काम घेत नाहीत. कोपरखैरण्याच्या आमच्या डावखुऱ्या सदस्याने आपले माप देऊन ठेवले आहे, आणि त्याला पितृपंधरवड्यात या असे सांगण्यात आले आहे.