सेकंडहँड हॅचबॅक, दिवाळी ते पावसाळा: गाडी उत्तम, पण पेट्रोल घेईना

दिवाळीत घेतलेली ही पेट्रोल हॅचबॅक पावसाळा लागेपर्यंत भरपूर चालवली. चिपळूण ते पुणे, कुंभार्ली घाटातून, बहुतेक वेळा घरचे सगळे आणि सामान घेऊन. इंजिन घाटात दमत नाही, एसी चांगला आहे, मागच्या सीटवर तिघं नीट बसतात. त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय ते एका त्रासाबद्दल, कारण त्यावर मला सगळीकडून चुकीचंच उत्तर मिळालं.

टाकी अर्धी रिकामी असो की पाव, नोझल लावला की दोन-चार सेकंदांत खट्! कट. पुन्हा दाबला, पुन्हा खट्. पंपावरचा मुलगा नोझल अर्धा बाहेर काढून बघायचा, उलटा फिरवून बघायचा, शेवटी खटका अगदी हलका धरून थेंब थेंब सोडल्यासारखं भरायचा. "मॅडम, तुमची गाडी पेट्रोलच घेत नाय." मागे रिक्षांची रांग, हॉर्न सुरू.

रांगेतल्या लोकांचा ठाम समज एकच: मध्येच कट करून पंपवाले पेट्रोल मारतात. हे मला पटत नाही. नोझल बंद झाला की पेट्रोल थांबतं आणि मीटरही तिथेच थांबतो, पुन्हा दाबला की तिथूनच पुढे जातो. सुरुवातीला शून्य बघितलंत तर नुसत्या कट होण्याने तुमचं काही जात नाही. मापाचीच शंका असेल तर पंपावर शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं, ते मागा आणि समोर भरून घ्या. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी आलं तर खुशाल भांडा.

कट होण्यामागे वीज नाही की सेन्सर नाही. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहताना आत जी ओढ तयार होते, ती या भोकातून हवा खेचत राहते. टाकी भरून भोक पेट्रोलखाली गेलं की हवा मिळत नाही, आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. म्हणजे भोकावर पेट्रोल आलं एवढंच नोझलला कळतं. ते टाकी भरल्यामुळे आलं, की नुसतं तोंडाशी उसळल्यामुळे, हे त्याला कळत नाही. आणि उसळतं कधी? टाकीतली हवा बाहेर पडायला वाट नसेल तेव्हा. अरुंद तोंडाच्या बाटलीत जोरात पाणी ओतल्यावर ते भसकन वर येतं, तसंच.

म्हणून पहिली परीक्षा सोपी. एकाच पंपावर, एकाच नोझलला त्रास होत असेल तर दोष नोझलचा, किंवा तिथला प्रवाह फार जोराचा. (डिझेल गाडीवाल्यांनी ट्रकच्या मोठ्या नोझलवर जाऊच नये.) माझ्या गाडीला चिपळूण, कराड, पुणे, सगळीकडे तेच. म्हणजे दोष गाडीत.

सर्व्हिस सेंटरने आधी "या मॉडेलला होतंच असं" म्हणून वाटेला लावलं. पुढच्या खेपेला चारकोल कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा) बदलायला सांगितला, खर्च हजारांत. कॅनिस्टर तुंबूनही असं होऊ शकतं, पण मुख्यतः अमेरिकेतल्यासारख्या गाड्यांत. तिकडे १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने, भरताना निघणारी वाफ कॅनिस्टरमध्येच घेणं सक्तीचं झालं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत भरतानाची हवा, तोंडापासून टाकीत पेट्रोल नेणाऱ्या फिलर पाइपला समांतर जाणाऱ्या बारीक ब्रीदर पाइपने तोंडाशी परत येते. तो पाइप न बघता कॅनिस्टर बदला म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

तो पाइप बघितला आमच्या बाजारपेठेतल्या गॅरेजवाल्या काकांनी. मागचं चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं लायनिंग उतरवलं. जाड फिलर पाइपशेजारी बोटाएवढा रबरी पाइप, आणि एका पट्टीखाली तो चेपून पार चपटा झालेला. शेजारच्या पत्र्यावर जुन्या डेंटिंगची लांबी (पुट्टी) स्पष्ट दिसत होती. आधीच्या मालकाकडे तिथे ठोकर लागलेली, काम करणाऱ्याने पाइप पट्टीखाली दाबून बसवलेला. काकांनी तेवढा रबराचा तुकडा बदलला, नव्या क्लिपा लावल्या, पट्टी सरळ केली. मजुरीसह काही शेकड्यांत काम झालं.

त्यानंतर उन्हाळाभर, भर दुपारीसुद्धा, पूर्ण दाबलेल्या नोझलवर टाकी एका दमात भरते आणि कट होतो तो शेवटीच. त्या कटनंतर "राउंड फिगर करू का?" विचारलं तर मी नको म्हणते. वर उरलेली जागा वाफेसाठी आणि उन्हात फुगणाऱ्या पेट्रोलसाठी असते. ती कोंबून भरली तर पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरतं, आणि मग तो खरोखरच बदलावा लागतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी चाचणीच्या फेरीत तिला पंपावर न्यावं आणि मालकासमोर पूर्ण वेगाने दहा लिटर तरी भरून बघावं. मध्येच कट व्हायला लागला तर मागच्या चाकाच्या आतलं लायनिंग उतरवून दाखवायला सांगा, आणि किमतीचं बोलणं त्यानंतर करा.