प्रीपेड मोबाइलला ऑटोपे : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरातील तीन प्रीपेड क्रमांकांचे रिचार्ज माझ्या बँक खात्यातून होते : माझा, गिरगावात चाळीत एकटी राहणाऱ्या आईचा आणि माटुंग्याला महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा. तिघांच्या प्लॅनची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपत असल्यामुळे तारखा लक्षात ठेवणे हे वेगळेच काम होऊन बसले होते, म्हणून गेल्या वर्षी तिन्ही क्रमांकांना यूपीआय ऑटोपे, म्हणजे ठरल्या वेळी खात्यातून आपोआप पैसे भरण्याची सोय, लावले. आता बरेच महिने वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्या फोनचा वापर महिनोन्‌महिने सारखाच राहतो त्याच्यासाठी ही सोय उत्तम आहे. ज्याचा वापर सतत बदलतो त्याला ती न लावलेलीच बरी.

ही सोय नवी नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये आणले आणि मोबाइल रिचार्जसाठी ते प्रथम जिओने जानेवारी २०२२ मध्ये सुरू केले. आज बहुतेक यूपीआय अ‍ॅपमध्ये रिचार्ज करतानाच ऑटोपेचा पर्याय समोर येतो. पर्याय निवडायचा, मॅन्डेटचा, म्हणजे खात्यातून पैसे कापण्याच्या आगाऊ परवानगीचा, तपशील पाहायचा आणि एकदा यूपीआय पिन टाकायचा, एवढेच काम असते. त्यानंतरच्या प्रत्येक वेळी १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी पिन लागत नाही आणि रिचार्जची रक्कम त्याच्या आसपासही जात नसल्याने पुढचे सारे आपल्या अपरोक्ष घडते.

अपरोक्ष घडते म्हणूनच मॅन्डेटच्या पडद्यावरील एक ओळ सावकाश वाचावी, ती रकमेची. काही ठिकाणी मॅन्डेट ठरावीक रकमेचे असते, तर काही ठिकाणी ‘जास्तीत जास्त इतके’ अशा कमाल मर्यादेचे असते, आणि या दोहोंतील फरक दरवाढ झाल्यावरच कळतो. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा २८ दिवसांचे २३९ आणि २६५ रुपयांचे प्लॅन २९९ रुपयांवर गेले. अशा वेळी ठरावीक रकमेच्या मॅन्डेटमधून जास्तीचा रुपयाही कापता येत नाही, त्यामुळे रिचार्ज अडते आणि निदान आपल्याला दरवाढ कळते. कमाल मर्यादा भरपूर वर असेल, तर वाढीव रक्कम निमूटपणे जाते. जिथे ही मर्यादा आपल्याला भरता येते, तिथे मी ती चालू दरापेक्षा थोडीच वर ठेवतो, म्हणजे किरकोळ वाढ खपून जाते आणि मोठी वाढ माझ्याकडे विचारायला येते.

पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे आणि माझ्या अनुभवात ती सूचना एकदाही चुकलेली नाही. कंपनीचे नाव, रक्कम आणि तारीख तीत असते आणि तेवढ्यापुरता व्यवहार किंवा संपूर्ण मॅन्डेट थांबवण्याची मुभाही असते. अडचण आहे ती तिच्या जागेची. कर्ज देऊ करणाऱ्या आणि सवलती सांगणाऱ्या संदेशांच्या गर्दीत ती दिसेनाशी होते, म्हणून बँकेचे संदेश मी फोनमध्ये वर ठेवले आहेत. ऑगस्ट २०२५ पासून असे व्यवहार गर्दीच्या वेळा टाळून, म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ किंवा रात्री साडेनऊनंतर केले जातात. खात्यात पैसे नसतील, तर पहिल्या प्रयत्नानंतर आणखी तीन वेळा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून रिचार्ज ज्या खात्याला जोडले आहे, त्यात आदल्या रात्रीच थोडी शिल्लक असावी.

आईच्या बाबतीत या सोयीने खरोखर सुख दिले. पूर्वी तिची मुदत संपून फोन लागेनासा झाला की शेजारच्या काकूंच्या फोनवरून निरोप यायचा आणि मी लोकलच्या गर्दीत एका हाताने रिचार्ज करत असे. बँकेचा ओटीपी, गॅसचे बुकिंग, डॉक्टरांची वेळ, तिचे सारेच आता त्या क्रमांकावर अवलंबून आहे. ऑटोपे लावल्यापासून असा निरोप आलेला नाही. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी पैसे कापले जातात, नवा प्लॅन रांगेत थांबतो आणि जुना संपल्यावर सुरू होतो. तिला यातले काही कळतही नाही.

मात्र तिचा आणि माझा क्रमांक एकाच कंपनीचा असून प्लॅनही एकच होता आणि मी वापरत असलेल्या अ‍ॅपच्या मॅन्डेट यादीत फक्त कंपनीचे नाव व रक्कम दिसते, मोबाइल क्रमांक दिसत नाही. दोन अगदी सारख्या नोंदींपैकी आईची कोणती, हे ओळखायला शेवटच्या व्यवहाराची तारीख उघडून पाहावी लागे. इतकी साधी गोष्ट अ‍ॅप तयार करणाऱ्यांना सुचू नये, याचे नवल वाटते. शेवटी आईचा प्लॅन बदलला आणि रकमा वेगळ्या झाल्या, तेव्हा हा घोळ मिटला.

प्लॅन बदलण्यामागे दुसरेही कारण होते. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात १३ वेळा भरावा लागतो आणि त्याची तारीख दर महिन्याला मागे सरकत जाते, त्यामुळे पगाराच्या किंवा पेन्शनच्या तारखेशी तिचा मेळ बसत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा किमान एक प्लॅन ठेवायला सांगितले. ऑटोपेसाठी हा दुसरा प्रकार सर्वांत सोयीचा आहे. हिशेबही करून पाहावा : २९९ रुपये १३ वेळा म्हणजे ३,८८७ रुपये, तेही ३६४ दिवसांचे. म्हणजे तेवढाच डेटा देणारा महिन्याचा प्लॅन ३२३ रुपयांपर्यंत मिळत असेल, तर तो स्वस्तच पडतो. शिवाय ऑटोपेचा पर्याय निवडताना प्लॅन किती दिवसांचा आहे, हे पाहावे.

मॅन्डेट रद्द करणे सोपे आहे. अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या भागात जाऊन पिन टाकला की काम होते आणि त्याला शुल्क पडत नाही. मात्र अ‍ॅप फोनमधून काढून टाकले म्हणजे मॅन्डेट संपले, असा समज अनेकांचा असतो, तो चुकीचा आहे. मॅन्डेट बँक खात्याशी बांधलेले असते आणि ते चालूच राहते. क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेताना तर ते आधी रद्द करावेच. तसेच न मागता आलेली मॅन्डेटची विनंती, मग ती ‘केवायसी’च्या नावाने असो वा बक्षिसाच्या, पिन टाकून मंजूर करू नये.

मुलीच्या क्रमांकावरचे ऑटोपे मी काढून टाकले. परीक्षेच्या काळात तिला डेटा फारसा लागत नाही, सुट्टीत दुप्पट लागतो, आणि मध्येच एखादा सवलतीचा प्लॅन आला की ती स्वतःच तो भरते. तिने असा प्लॅन भरला तरी मॅन्डेटला त्याचा पत्ता नसे. ठरलेल्या तारखेला पैसे कापले जात आणि दुसरा प्लॅन विनाकारण रांगेत जाऊन बसे. कंपनीच्या ग्राहक सेवेने रांगेतला प्लॅन परत घेता येत नाही असे सांगितले. माझा आणि आईचा क्रमांक ऑटोपेवर आहेत; मुलीसाठी मी महिन्याची रक्कम तिच्याच खात्यात पाठवतो आणि कोणता प्लॅन घ्यायचा ते ती ठरवते.