नऊ महिने मनाचा सराव: काय टिकलं, काय सोडून दिलं

बॅडमिंटनच्या डबल्समध्ये सर्व्हिस हा खरं तर सगळ्यात निवांत फटका. फूल म्हणजे शटल आपल्याच हातात, समोरच्याला तोवर पाय उचलायची परवानगी नाही, कधी मारायचं ते आपण ठरवायचं. तरीही 17-17, 18-18 झालं की माझी शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे नेटच्या जेमतेम वरून टाकायची, ती नेटमध्ये. एक नेटमध्ये गेली की पुढची भीतीने उंच उठायची आणि समोरची ती आमच्या अंगावर आपटायची. सरावाला मात्र त्याच हाताने सलग वीस बरोबर. इतकी वर्षं मी याला नशीब म्हणत होते.

मग एके दिवशी माझी पार्टनर म्हणाली, "ताई, तू सर्व्हिस करताना श्वासच घेत नाहीस." मला पटेना, तेव्हा तिने फोनवर रेकॉर्ड करून दाखवलं. खांदे कानापर्यंत चढलेले, ओठ आवळलेले, फूल धरलेली बोटं पांढरी पडलेली. ती बाई मीच होते. त्या रात्रीपासून मनाचा सराव सुरू केला. त्याला आता नऊ महिने झाले. आठवड्यातून चार-पाच दिवस, दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, सोबत एक वही. मधे दोन आठवडे आजारपणात बुडाले, बाकी खाडे फार नाहीत.

आमचे कोच आजवर एकच सांगायचे, "टेन्शन घेऊ नकोस." सल्ला प्रेमाचा, पण उपयोग शून्य. डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये लोकांना सांगितलं होतं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. माझं अस्वल म्हणजे नेट. "नेटमध्ये नको, नेटमध्ये नको" म्हणत मी फूल बरोबर तिथेच नेऊन घालत होते.

सुरुवात केली ती एका ऐकायच्या अ‍ॅपने, आणि पहिली निराशाही तिथेच. नाव देत नाही, कारण अशी दहा असतील. समुद्राच्या लाटा, एक गोड आवाज, "तुम्ही विजेते आहात." अहो, मी आताच 21-12 हरून आलेय! तीन आठवड्यांत काढून टाकलं. त्यातला एकच प्रकार ठेवला, शरीराचा एकेक स्नायू आधी आवळायचा आणि मग सोडून द्यायचा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी बसवलेली ही पद्धत. मॅचच्या आदल्या रात्री झोप यायला अप्रतिम. पोटऱ्यांपासून सुरू केलं की जबड्यापर्यंत पोचेस्तोवर बहुधा मी झोपलेलीच असते.

चूक अशी केली की हेच एकदा कोर्टवर जाण्याआधी पंधरा मिनिटं केलं. अंगात जीवच राहिला नाही. पहिली गेम 21-9 ने गेली, आणि पार्टनर विचारते, "ताई, बरं वाटत नाहीये का?" यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर प्रयोग केले होते. काम अवघड असेल तर विजेचा झटका फार सौम्य असून चालत नाही आणि फार जोराचा असूनही चालत नाही, मधलाच लागतो, असं त्यांना दिसलं. खेळाच्या पुस्तकांत यावरून उलट्या यूसारखा एक आलेख काढलेला असतो आणि तो जणू खेळाडूंचं मोजमाप घेऊनच काढलाय अशा थाटात छापतात. पण उंदीर असोत की मी, अगदी थंड पडून खेळ होत नाही, एवढं त्या 21-9 ने मला शिकवलं.

म्हणून मग शांत होण्याचा हट्टच सोडला. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचा 2014 मधला एक अभ्यास इथे उपयोगी पडला. सगळ्यांसमोर गाणं म्हणण्याआधी किंवा भाषण करण्याआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला मजा येतेय, मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. छाती दोन्हीकडे सारखीच धडधडते, आपण तिला नाव काय देतो तेवढाच फरक. पहिल्या महिन्यात हे स्वतःशी म्हणताना मला अक्षरशः लाज वाटायची. आता "चला, अंग तापलं" एवढंच म्हणते आणि तेवढ्यावर भागतं.

डोळे मिटून फटका मनात बघणं, ज्याचा सगळीकडे इतका गाजावाजा असतो, ते मला सगळ्यात उशिरा जमलं. पहिले दोन महिने गादीवर पडून करत होते. आणि गंमत म्हणजे मनातल्या मनातही माझी सर्व्हिस नेटमध्येच जायची. पुन्हा बघायची, पुन्हा नेटमध्ये. स्वतःच्याच डोक्यात स्वतः हरायचं म्हणजे हद्द झाली. नंतर कळलं की पद्धतच चुकत होती. होम्स आणि कॉलिन्स यांनी 2001 मध्ये यासाठी एक आराखडा मांडला, पेटलेप नावाचा. थोडक्यात, प्रत्यक्ष खेळताना जसं असतं तितकं जवळ जायचं: उभं राहून, हातात रॅकेट घेऊन, खऱ्या वेगाने, त्या वेळच्या धाकधुकीसकट. मी बूट घालून बाल्कनीच्या दाराशी उभी राहायला लागले. बूट घातल्यावर मनातलं फूल पहिल्यांदा नेटवरून गेलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसरा बदल म्हणजे बिघडलेलं दृश्यही मुद्दाम बघायचं, पण तिथेच थांबायचं नाही. जलतरणपटू मायकेल फेल्प्सचा 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधला 200 मीटर बटरफ्लायचा किस्सा अनेकांना माहीत असेल. गॉगलमध्ये पाणी भरलं, पुढचं काही दिसेना, तर तो हाताचे स्ट्रोक मोजत पोहला आणि 1:52.03 अशा विश्वविक्रमी वेळेत सुवर्ण घेऊन बाहेर आला. काहीतरी बिघडलं तर काय करायचं हे त्याने आधी मनात घोळवलेलं होतं. माझी पायरी फार खालची, पण तीच युक्ती. सर्व्हिस नेटमध्ये गेली, समोरच्यांनी टाळी दिली-घेतली, मी चालत जागेवर आले, रॅकेट बदलून डाव्या हातात घेतली, उजवा तळवा कपड्याला पुसला, पुन्हा उभी. हे मी मनात इतक्या वेळा केलंय की आता कोर्टवर ते आपोआप होतं. एक स्पष्ट सांगते, याने हाताचा सराव वाचत नाही. मनातला सराव काहीच न करण्यापेक्षा बरा आणि प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी, असंच अभ्यासांमध्ये दिसतं आणि माझाही अनुभव तोच.

या सगळ्यात खरी वसूल झालेली गोष्ट म्हणजे सर्व्हिसच्या आधीचे सहा सेकंद. ते असे. फुलाला सोळा पिसं असतात. मी ते बोटांत सावकाश फिरवते आणि मोडकं पीस असेल तर ते धरायच्या बाजूला घेते. मग नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीचा एक ठिपका निवडते, जिथून फूल जायला हवं तिथला. लांब श्वास सोडते. घेत नाही, सोडते. घ्यायला गेले की खांदे वर चढतात. मनात एकच शब्द, "पट्टी". आणि मारते. मनगटाचा विचार अजिबात नाही.

मनगटाचा विचार हाच खरा चोर होता. कोचने कधीकाळी माझा मनगटाचा कोन सुधारला होता आणि अडचणीच्या वेळी मी तो कोन तपासत बसायचे. रिचर्ड मास्टर्स यांनी 1992 मध्ये गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हळूच खळग्यात ढकलण्यावर, हेच पाहिलं होतं. नियम पाठ करून शिकलेले लोक दडपणाखाली जास्त ढेपाळले, आणि शिकताना ज्यांचं डोकं दुसऱ्याच कामात गुंतवून ठेवलं होतं ते टिकले. गॅब्रिएले वुल्फ यांच्या 1998 च्या प्रयोगात स्कीइंगच्या यंत्रावर उभे असलेल्यांपैकी काहींना स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि काहींना यंत्राच्या चाकांकडे. चाकांवाले चांगलं शिकले. शरीराकडे न बघता जिथे परिणाम घडायचाय तिथे बघा, असा त्याचा अर्थ. माझी चाकं म्हणजे ती पांढरी पट्टी.

यातही एक खड्डा आहे. चौथ्या महिन्यात हे सहा सेकंद वाढत वाढत अकरा झाले होते. फूल दोनदा फिरव, ग्रिप पुस, केस मागे घे. पार्टनर मागून म्हणाली, "ताई, फूल फिरवून झालं का, की अजून मुहूर्त बघायचाय?" तिचं खरं होतं, आणि उगाच वेळ काढणं नियमातही बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकदा फूल फिरवायचं राहिलं तर मी हादरलेच. सवयीचा ताईत झाला होता. तेव्हापासून सरावात दर चौथी सर्व्हिस मी मुद्दाम काहीही न करता मारते.

स्वतःशी बोलण्याबद्दलही लिहिते. "मला जमेल" याने माझं काही झालं नाही. स्वतःला "तू" म्हणून हाक मारली की मात्र फरक पडतो. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलंय की ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी नावाने किंवा दुसऱ्या माणसाशी बोलावं तसं बोललं तर ताण कमी जाणवतो. माझं वाक्य "अगं बाई, पट्टी बघ" असं आहे. आईच्या आवाजात ऐकू येतं, त्याला इलाज नाही.

जागेवरच्या सायकलवर हेच आणखी ठळक जाणवलं. ब्लँचफील्ड आणि मंडळींच्या 2014 च्या अभ्यासात 24 जणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली होती. त्यातल्या ज्यांनी दोन आठवडे स्वतःशी बोलायची वाक्यं ठरवून घोटली, त्यांचा वेळ सरासरी 637 सेकंदांवरून 751 वर गेला, आणि तेवढ्याच जोरात त्यांना कष्टही कमी वाटले. माझी वाढ एवढी देखणी नाही. पण पूर्वी मांड्या भरून आल्या की थेट पाय काढायचे, आता "अजून एक गाणं" म्हणते आणि बहुतेकदा दोन होतात.

वहीने मात्र एक न मागितलेली गोष्ट दिली. गुन्नार बोर्ग यांची कष्ट मोजायची 6 ते 20 ची पट्टी असते: 6 म्हणजे काहीच नाही, 20 म्हणजे जीव गेला. मी रोज वॉर्मअपनंतर आकडा लिहायचे. एरवी 11. पण दिवसभर हिशेबांच्या ताळमेळात डोकं घातलेल्या दिवशी त्याच वॉर्मअपला 14, कधी 15. मला वाटलं आपण आजारी पडतोय. तर मार्कोरा यांचा 2009 चा अभ्यास सापडला. 16 जणांना 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम देऊन मग सायकलवर बसवलं, तर ते सरासरी 640 सेकंद टिकले. निवांत माहितीपट बघून आलेले असताना तेच लोक 754. हृदय आणि स्नायू जागच्या जागी, फक्त कष्ट जास्त वाटतात. तेव्हापासून ताळमेळाच्या दिवशी मी मॅच खेळत नाही, नुसत्या सर्व्हिस मारते, आणि त्या दिवशीच्या खेळावरून स्वतःला नावं ठेवणं बंद केलंय. नऊ महिन्यांतला सगळ्यात मोठा फायदा कदाचित हाच. आळसावरची युक्ती साधी आहे: "घरी आले की आधी बूट, मग चहा." बाकी निश्चय वगैरे काही लागला नाही.

आकडे हवे असतील तर वहीत आहेत. सुरुवातीच्या महिन्यात 15 गुणांच्या पुढे मारलेल्या 31 सर्व्हिसपैकी 9 नेटमध्ये. गेल्या दोन महिन्यांत 74 पैकी 8. यावर फार उड्या मारू नका, कारण याच काळात मी रोज 30 सर्व्हिस जादा मारत होते. श्रेय मनाचं किती आणि हाताचं किती, हे वेगळं काढायला दुसरी मी लागेल. शिवाय भीती गेलेली नाही, ती सरकलीय. आता मला फ्लिक सर्व्हिसची, म्हणजे शॉर्टचा आव आणून अचानक उंच मागे मारायच्या सर्व्हिसची, धास्ती वाटते.

आणखी एक. झोप उडाली असेल, खेळायच्या नुसत्या विचाराने रडू येत असेल, तर वही आणि पट्टी पुरणार नाही, शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे जा. टोकियो ऑलिंपिक 2021 मध्ये झालं तेव्हा अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला हवेत आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं आणि तिने बहुतेक स्पर्धांमधून माघार घेतली. तिच्याइतकी तयारी कोणाची असणार? तेव्हा "मन घट्ट कर" म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नका.

गेल्या महिन्यातल्या मॅचमध्ये निर्णायक गेमला 20-19 होतं, सर्व्हिस माझी. फूल फिरवलं, ठिपका निवडला, श्वास सोडला. पट्टी. फूल नेटला जवळजवळ चाटून गेलं, आयुष्यातली सगळ्यात सुंदर शॉर्ट सर्व्हिस. मी ती बघत तिथेच उभी राहिले. समोरचीने कसंबसं उचललेलं फूल माझ्या पायाशी येऊन पडलं. 20-20, आणि मग 22-20 ने हरलो.

पार्टनर बाटली उघडत म्हणाली, "ताई, आता सर्व्हिस झाल्यावरचंही काहीतरी बसव."