लिनक्सवर ग्राफिक्स कार्ड ताणावं की आवरावं?

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून ग्राफिक्स कार्ड आणलं, लिनक्सवर गेम्स व्यवस्थित चालले, की पुढचा किडा डोक्यात वळवळतोच: आता ओव्हरक्लॉक करू का, म्हणजे कारखान्याने ठरवल्यापेक्षा जास्त वेगाने ताणू का? मी दोन्ही करून पाहिलं आहे, ताणूनही आणि पॉवर कॅप, म्हणजे कार्डाने किती वीज ओढावी याची मर्यादा, खाली आणूनही. कार्ड एएमडीचं, ६७०० एक्सटी.

ताणायला अडचण फारशी नाही. बूट ओळीत (लिनक्स सुरू होताना कर्नलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, मिळणाऱ्या सूचनांत) ताणायची सोय उघडणारा पीपीफीचरमास्क घालायचा, कार्डाच्या सेटिंग्ज बदलणारं लॅक्ट हे ॲप टाकायचं, स्लायडर सरकवायचे. एनव्हिडियावाल्यांचं जरा अवघड. कूलबिट्स या ड्रायव्हर सेटिंगची जुनी युक्ती एक्स-ऑर्ग या जुन्या डिस्प्ले यंत्रणेपुरतीच, नव्या वेलँडवर लॅक्टसारखं काही गाठावं लागतं, आणि विंडोजवरच्या आफ्टरबर्नरसारखा व्होल्टेजचा वक्र (कोणत्या वेगाला किती व्होल्टेज याचा आलेख) हाताने ओढता येत नाही. मिळतं काय? जिथे सेकंदाला साठ फ्रेम मिळत होते तिथे बासष्ट-त्रेसष्ट. कोपऱ्यात फ्रेम मोजून दाखवणाऱ्या मँगोहडचा आकडा झाकला तर मला तरी फरक ओळखता आला नसता. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये लांबलचक रेंडर लावणाऱ्याला कदाचित थोडा फायदा दिसेल.

पण माझं मन उडालं ते वेगळ्याच गोष्टीमुळे. ताणलेल्या कार्डावर बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, तासभर निमूट चालतो. मग संध्याकाळी साधा गेम मिनिमाइज करून ब्राउझर उघडावा, तर पडदा काळा, आणि समोर थेट लॉगिन! कार्ड रीसेट झालं की माझ्याकडे सगळा डेस्कटॉपच जायचा, न साठवलेल्या कामासकट. जर्नलसीटीएलने सिस्टिमच्या नोंदी उघडाव्यात तर ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’, म्हणजे कार्डाने वेळेत काम पुरं केलं नाही. आता दोष कोणाचा? माझ्या पन्नास मेगाहर्ट्‌झचा, काल आलेल्या मेसाचा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा), की नव्या कर्नलचा? सगळं मूळपदावर आणून पुन्हा वाट बघत बसा. बरं, तक्रार नोंदवायला जावं तर पहिला प्रश्न तोच येतो: ओव्हरड्राइव्ह (मास्कने उघडलेली ताणायची सोय) चालू आहे का? दर अपडेटनंतर मागे लागणारा हा संशय दोन-तीन फ्रेमसाठी मला परवडत नाही. अंडरव्होल्ट केलंत, म्हणजे व्होल्टेज कमी केलंत, तरी तो सुटत नाही, कारण कारखान्याने ठरवलेलं व्होल्टेज तिथेही हललेलंच असतं.

पॉवर कॅपचं तसं नाही. चिप आपल्या मूळ वक्रावरच चालते, फक्त कमी वर जाते. मास्कही लागत नाही. मेमध्ये रामबागेतल्या आमच्या वरच्या खोलीत कूलरसुद्धा हात टेकतो, तेव्हा कार्डाने ओतलेली उष्णता थोडी कमी झाली तरी अंगाला कळते. पंख्याची घरघर उतरली म्हणून घरच्यांची कुरकुरही थांबली.

एक खोट मात्र आहे. कर्नल ६.७ पासून एएमडीची कॅप कार्डाच्या बायोसने ठरवलेल्या किमान मर्यादेखाली जात नाही, आणि माझ्या कार्डाची ही मर्यादा चिडावं इतकी वर आहे. उरलेलं मी मँगोहडच्या फ्रेम लिमिटने भागवतो. ७५ हर्ट्‌झच्या मॉनिटरला शंभर फ्रेम हवेत कशाला? एनव्हिडियावर एनव्हिडिया-एसएमआय या कमांडने कॅप बरीच खाली नेता येते, त्यांचं नशीब.

तुमचं कार्ड जुनं असेल, खोली थंड असेल आणि ताणणं हाच छंद असेल, तर खुशाल ताणा, मजा येते. रोजच्या कामाचं मशीन तेच असेल, तर आधी लॅक्टमध्ये पॉवर कॅप तळाला नेऊन आठवडाभर वापरून बघा. मास्क नंतरही घालता येईल.