कोर्टाचा हुकूम, तारीख रंगपंचमीची

आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी मराठी बायकांना दोन नावं आहेत. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले, झालं. त्या तांदळांची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. इंदुरात रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठेही विचारा; शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरंच नाव असलेली आजी सापडेल. नवरा असेपर्यंत त्याचं कुणाला काही नसतं. तो गेला की मग खिडकी-खिडकीवर ते नाव आडवं येतं. अशा बायकांना हेरणारी माणसं कोर्टाच्या फाटकाबाहेर बसलेली असतात. त्यातल्या एकाने आम्हाला साठ हजारांच्या वर बुडवलं. तो आजही कुठेतरी दुसऱ्या कुणाला 'काकू' म्हणत असेल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आईचं माहेरचं नाव कुसुम, सासरचं माधुरी. (दोन्ही नावं इथे बदलली आहेत.) वडील राज्य सरकारच्या नोकरीत होते. लग्नानंतर सेवापुस्तिकेत कुटुंबाचा तपशील भरताना त्यांनी 'कुसुम' लिहिलं, कारण तेव्हा आईजवळ एकच कागद होता, मॅट्रिकचा, आणि तो त्या नावाचा. तेच नाव पुढे पेन्शनच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या सरकारी आदेशावर चढलं. बँक, आधार, पॅन, मतदार यादी सगळीकडे ती माधुरी. वडील गेल्यावर कुटुंब पेन्शनसाठी अर्ज केला तेव्हा टेबलामागच्या बाबूने विचारलं, "ये कुसुम कौन हैं?" आई समोरच बसली होती. ती म्हणाली, मीच. त्याने कागद परत सरकवले. "कोर्ट से लिखवा के लाओ कि दोनों एक ही हैं।"

गणपती मंडळातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी या माणसाचं नाव सुचवलं. मराठी आहे, आपला आहे, काम चोख करतो. इंदुरात बाजारात मराठी कानावर पडणं नवलाचं नाही, पण कोर्टाचा सगळा कारभार हिंदीत. तिथे कुणी "काकू, एवढ्या उन्हात कशाला आलात, मला फोन करायचा की" असं म्हटलं, की माणूस अर्धा तिथेच विरघळतो. खुर्चीच्या पाठीवर काळा कोट, टेबलावर लाल फितीच्या फाइली, चहावाला 'वकील साब' म्हणून हाक मारणार. मला तो दादा म्हणायचा, आईला काकू. आमच्या घरी येऊन वडिलांच्या फोटोला हातही जोडून गेला.

त्याचं कसब हे, की अडचणी म्हणून तो जे जे सांगायचा, त्यातलं बहुतेक खरं असायचं. दोन नावांची व्यक्ती एकच आहे असं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट), 1963 च्या कलम 34 खाली दिवाणी दावा लावावा लागतो, हे खरं. त्यात राज्य सरकार प्रतिवादी असतं, म्हणून आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं, हेही खरं. वर्तमानपत्रात जाहीर सूचना काढावी लागू शकते. वकिलांचं काम बंद असतं, न्यायाधीशांची बदली होते, सरकारी वकील वेळ मागून घेतात. हे सगळं कुठल्याही वकिलाला विचारा, तो मान डोलावेल. आम्हीही विचारलं होतं, नात्यातल्या एका निवृत्त वकिलांना. ते म्हणाले, बरोबर सांगतोय तो. प्रक्रिया बरोबर होती, फक्त ती कुठे चाललेलीच नव्हती.

पैसे त्याने कधी एकदम मागितले नाहीत. आधी वकीलपत्र, स्टाम्प आणि कोर्ट फी. मग सरकारला नोटीस, तिचे वेगळे. नोटीस म्हणजे खरं तर टपालाने जाणारं पत्र. त्याची पावती असते, त्यावर क्रमांक असतो, आणि तो क्रमांक टाकला की पत्र कुठवर पोचलं ते घरबसल्या दिसतं. पावती मागितल्यावर म्हणाला, "फाइलला लावलीय दादा, काढली तर फाइल अपुरी होईल." मग जाहीर सूचना. तिचं कात्रण त्याने दिलं, पण झेरॉक्स. खऱ्या कात्रणाला पाठ असते, तिच्यावर दुसरीच कसली तरी अर्धवट बातमी असते, वर तारखेची ओळ असते. याला काहीच नव्हतं. पुढे त्या पेपरच्या जुन्या अंकांत शोधलं, तशी सूचना कधी छापलीच गेली नव्हती.

मग आली लोक अदालत. "काकूंचं वय बघता मी विशेष लावून देतो, एका दिवसात हुकूम. फक्त वरचा खर्च आहे." हे मात्र उघड खोटं, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे: लोक अदालतीत दोन्ही बाजूंची तडजोड झाली तरच निवाडा होतो, त्यासाठी फी लागत नाही, उलट प्रलंबित खटला तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ज्या ठिकाणी फी परत मिळते, तिथे लावण्यासाठी तो पैसे घेत होता.

राजपत्राचेही घेतले. इथे थोडं थांबून सांगतो, कारण याच गोंधळावर या लोकांचं पोट चालतं. नाव बदलणं वेगळं आणि आधीपासूनची दोन नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करणं वेगळं. नाव बदलायचं असेल तर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली सूचना आणि राजपत्रातली प्रसिद्धी हा रस्ता आहे, आणि बऱ्याच कामांना तो पुरतो, कोर्टात जावंच लागत नाही. शिक्षण मंडळांच्या प्रमाणपत्रांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जिज्ञा यादव प्रकरणात 2021 साली हेच वेगळं करून सांगितलं: सरकारी कागदांवर आधीच असलेलं नाव लावून घ्यायचं असेल तर एक वाट, निव्वळ आपल्या पसंतीने नवं नाव घ्यायचं असेल तर मंडळ आधी कोर्टाची घोषणा मागू शकतं. आमची आई काही बदलत नव्हती. तिला फक्त मागचं जुळवून हवं होतं. त्या कामाला राजपत्र कितपत चालेल हे समोरच्या कार्यालयाला आधी लेखी विचारायचं असतं. हा म्हणाला दोन्ही करून टाकू, आणि दोन्हींचे पैसे घेतले.

त्याने आणून दिलेला राजपत्राचा कागद भारताच्या राजपत्राच्या भाग 4 चा होता, म्हणजे खासगी व्यक्तींच्या सूचना जिथे छापतात तो. हा भाग दर शनिवारी निघतो आणि ई-गॅझेटच्या सरकारी संकेतस्थळावरून कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. मी तो अंक उतरवला. अंक खरा, तारीख खरी, पान क्रमांकही खरा. त्या पानावर भलत्याच कुणाची सूचना होती. आईची सूचना त्यावर चिकटवून झेरॉक्स काढलेली.

पण राजपत्रापर्यंत मी पोचलो ते नंतर. आधी हुकूम आला. शंभराच्या स्टाम्प पेपरवर, अशोकस्तंभ, गोल शिक्का, खाली सही, 'न्यायालय' असं मोठ्या अक्षरात. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिते, आणि सण तिला तोंडपाठ असतात. म्हणाली, "अरे, ही तारीख रंगपंचमीची आहे." बाहेरच्यांसाठी सांगतो, रंगपंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, राजवाड्याच्या परिसरात लाखांनी माणसं रंगात असतात आणि शहराला स्थानिक सुट्टी असते. त्या दिवशी बसून आमच्यासाठी निकाल लिहिणारे साहेब कोण, हे बघायलाच हवं होतं.

मग एकेक धागा ओढला. ई-कोर्ट्सच्या ॲपवर हुकुमावरचा खटला क्रमांक टाकला. निघाला दुसऱ्याच पक्षकारांचा, भाडेकरूच्या वादाचा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. आमच्या कागदावरच्या क्रमांकात तेवढे अंकच नव्हते. शिक्का होता अनुविभागीय दंडाधिकाऱ्याचा, आणि कलम 34 ची घोषणा दंडाधिकारी देत नाही, ती दिवाणी न्यायालयच देतं, आपल्याकडे ज्याला व्यवहार न्यायाधीश म्हणतात ते. कोर्टाच्या कागदांच्या प्रती देणाऱ्या नकल शाखेतल्या एका भल्या कर्मचाऱ्याने कागद लांबूनच बघितला आणि हसला. "भिया, कोर्ट का आदेश स्टाम्प पेपर पे कब से आने लगा?" प्रमाणित प्रतीवर अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा असतात, पानापानावर शिक्का असतो. त्यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं.

आणि तो वकीलही नव्हता. मध्य प्रदेशात वकिलाची नोंदणी जबलपूरच्या राज्य अधिवक्ता परिषदेकडे होते आणि खऱ्या वकीलपत्रावर वकिलाचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. आमच्या वकीलपत्रावर जो क्रमांक होता तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. कोट मात्र त्याचा स्वतःचा असावा.

ठाण्यात गेलो तर पहिलं उत्तर, "ये तो लेन-देन का मामला है, सिविल में जाओ।" तसं ते नाही. पैसे घेऊन फसवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) मध्ये येतं, आणि कोर्टाच्या दप्तराचा बनावट कागद करणं कलम 337 मध्ये. दोन्हीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. ठाण्यात एफआयआर घेत नसतील तर तक्रार लेखी स्वरूपात वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येते. इंदुरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा झोनच्या डीसीपींकडे, म्हणजे पोलीस उपायुक्तांकडे. तिथे अर्ज दिल्यावर हालचाल झाली. कामी आले ते यूपीआयचे व्यवहार. रोख दिलेल्याचा पुरावा नाही, पण काही रक्कम त्याने एका बाईच्या नावच्या क्रमांकावर घेतली होती, आणि तिथून तपास सुरू झाला. व्हॉट्सॲपवरचे त्याचे आवाजी निरोपही दिले. पुसू नका ते, कितीही संताप आला तरी.

दुसरी तक्रार जिल्हा न्यायाधीशांकडे केली. वकील कायद्यात 2023 च्या दुरुस्तीने कलम 45-अ आलं आहे. कोर्टाच्या आवारातल्या दलालांची चौकशी करून त्यांची यादी लावण्याचा अधिकार उच्च न्यायालय आणि जिल्हा न्यायाधीशांना आहे. यादीतल्याने तरीही दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये! आमच्याकडून त्याने नोटिशीच्या टपालखर्चाचेच त्याहून जास्त घेतले होते.

सगळ्यात जास्त राग मला कशाचा आला सांगू? हे काम आईला फुकट मिळण्यासारखं होतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कोर्ट फीसुद्धा त्यात येते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असतं, 15100 हा फोन क्रमांक आहे. फाटकाबाहेरच्या टेबलापर्यंत पोचलेली बाई आणखी थोडं आत गेली असती तर तिला खरा वकील मिळाला असता. पण आत काय आहे ते सांगणारी पाटी हिंदीत, लहान, आणि बाहेर बसलेला माणूस मराठीत, गोड.

आता आईला तिथूनच वकीलबाई मिळाल्या आहेत. त्यांनी पहिल्या भेटीत पैशाचा विषयच काढला नाही, कागद काढायला लावले. लग्नाची नोंदणी नव्हती, त्या काळात कोण करायचं. पण मामाने माळ्यावरून लग्नपत्रिका शोधून काढली, तीत चि. सौ. कां. कुसुम आणि वडिलांचं पूर्ण नाव आहे. मॅट्रिकच्या दाखल्यावरची जन्मतारीख आधारवरच्या तारखेशी जुळते. सेवापुस्तिकेत दोघांचा एकत्र फोटो चिकटवलेला निघाला. मामा आणि एक शेजारीण साक्ष देणार आहेत. तुमच्या घरी अशी दोन नावांची बाई असेल तर नवरा-बायको दोघंही आहेत तोवर पीपीओ एकदा उघडून बघा. नवरा स्वतः अर्ज देऊ शकतो तेव्हा दुरुस्ती पुष्कळ सोपी असते. लग्नाची नोंदणी उशिरा का होईना करून घ्या, आणि तीत दोन्ही नावं लिहवून घेता येतात का ते विचारा.

कलम 80 ची नोटीस या वेळी खरी गेली, पोचपावती माझ्याकडे आहे. दोन महिने थांबून दावा लागला, सीएनआर ॲपवर टाकला की आईचं नाव दिसतं: कुसुम उर्फ माधुरी विरुद्ध मध्य प्रदेश शासन. सरकारी वकिलांनी जबाबासाठी वेळ मागितला आहे, पुढची तारीख पडली आहे. तो माणूस जामिनावर बाहेर आहे. पेन्शन अजून सुरू झालेली नाही. "उशीर झाला तर पेन्शन बुडेल काकू" असं सांगून त्याने दर वेळी पैसे काढले होते, ते मात्र वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी खोडून काढलं. कुटुंब पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय होते, आणि निकाल कधीही लागला तरी थकबाकी त्या तारखेपासूनची मिळते.