लॅब्राडोर घेताय? थांबा. माझे ३४,००० गेलेत

लाज वाटतेय लिहायला पण लिहितो. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. चार वर्षांपूर्वी लॅब्राडोरचं पिल्लू घेतलं. पिल्लाचे २८,५००, केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपरचे ३,५००, वर आईबापाच्या डोळ्यांच्या डीएनए टेस्टचे म्हणून २,०००. त्यातले ५,००० विकणाऱ्याने यूपीआयने घेतले, तेही नोटमध्ये "गिफ्ट" लिहायला लावून, बाकी कॅश. लिहिलं मी. शिकलासवरलेला माणूस!

आता गोटू, म्हणजे तेच पिल्लू, संध्याकाळी जिना उतरताना पुढचा पंजा अधांतरी धरून पायरी चाचपतो. टॉर्च मारला की डोळे नुसते पेटतात. डॉक्टर म्हणाले पीआरए, डोळ्याचा पडदा हळूहळू मरतो, आधी रात्रीचं दिसणं जातं मग दिवसाचं, औषध नाही. डीएनए तपासला तर दोन्ही जीन खराब, म्हणजे एक आईकडून, एक बापाकडून. आणि मला मोबाईलवर दाखवलेल्या रिपोर्टात बाप "क्लिअर", म्हणजे दोन्ही जीन चांगले! तसा असता तर पिल्लू फार तर कॅरियर (एक जीन खराब, पण आजार नाही) निघालं असतं, आंधळं नाही. रिपोर्ट भलत्याच कुत्र्याचा होता. रिपोर्टवरचा मायक्रोचिप नंबर कुत्र्याच्या कातडीखालच्या चिपशी जुळवा, नुसती पीडीएफ बघून मान डोलावू नका.

सगळ्यात जळतं ते हे की मला तिथेच कळायला हवं होतं. दिवेलागणीची वेळ, पिल्लांची आई अंगणातून आली ती सरळ पाण्याच्या बादलीवर आपटली. बायको हळूच म्हणाली, "अहो, हिला दिसत नाही का?" विकणारा लगेच, "अरे भिया, बच्चे दिए हैं, थकी हुई है." आणि मी बायकोलाच गप्प केलं. पण सहा आठवड्यांचं पिल्लू मांडीत झोपलेलं असताना बादलीकडे कोण बघतं हो? (आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे, हे आत्ता कळतंय.)

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस हसले, "कुत्ते को चश्मा लगवा दो." तिथून पशुपालनवाल्यांकडे, त्यांनी पालिकेकडे, पालिकेने परत पोलिसांकडे. केसीआय पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीची हमी नाही, हेही तेव्हाच ऐकलं. ग्राहक तक्रारीला मुदत दोन वर्षांची, आजार दिसला चौथ्या वर्षी, आणि वकील विचारतो बिल कुठाय, इथे तर गिफ्ट लिहिलंय. बिल घ्याच, आणि आईला अंधारात चालवून बघा, कोणी हसलं तर हसू दे.

घरातलं फर्निचर आता हलवत नाही आम्ही, गोटूला जागा पाठ झाल्यात.

परवा त्या माणसाच्या स्टेटसला नवी पिल्लं दिसली. ३२,००० फिक्स. आई तीच.